नवसागर आणि चुना

सर, काल आठवीच्या वर्गात तुमचाच प्रयोग मांडला. कल्हईवाल्याकडचा नवसागर, पानपट्टीवरचा चुना. दोन्ही तळहातावर चोळायचे आणि काय होतं ते सांगायचं. पोरं ओरडत मागं सरली. "सर, नाकाला लई झोंबतंय! तुमाला न्हाय का?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं, वास मात्र नाही. पोरांना वाटलं, सर धीराचे आहेत.

इंदापूरला तुमच्या प्रयोगशाळेत मी आलो तो संस्कृतचा ताठा घेऊन. पहिल्याच दिवशी चुन्यापुढे लिहिलं, 'शुभ्र, स्निग्ध, शीतल'. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, "पंडित, चुन्याची आरती न्हाय करायची. हात लावला व्हता का?" नव्हता. "मग शीतल कुठनं आलं?" तुम्ही कळीच्या चुन्यावर पाणी ओतलंत आणि भांड्याला बोट लावायला सांगितलंत. त्या चटक्यावर माझी आजवरची नोकरी चाललीय.

आमच्या शेवटच्या वर्षी मात्र तुम्ही काहीच हुंगत नव्हतात. नळी आमच्यापुढे धरायची आणि म्हणायचं, "पंडित, वास कसला हाय, तू सांग." आम्हाला ती शिकवण्याची पद्धत वाटली. बी.एड.च्या पाठात मी ती वापरली, गुणही मिळाले. मग तुमच्या बोटांतली नळी स्टँडवर वाजू लागली. आम्ही म्हणालो, थंडी. तुम्ही गेल्यावर तुमच्या मुलीनं सांगितलं, कंपवात दिसला त्याच्या कितीतरी आधी तुमचं नाक गेलं होतं.

आता बारामतीच्या एसटीत कारखाना जवळ आला, की सगळे नाकाला रुमाल लावतात. मीही लावतो, त्यांचं बघून. सर्दीनंही वास जातो, असं स्वतःला समजावतो. मला सर्दी नाही.

आज सकाळी हिनं कढई ठेवलेली दिसली, शेजारी ठेचलेला लसूण. मी पेपरामागून म्हणालो, "व्वा, काय फोडणीचा वास सुटलाय!"

"अहो, गॅस कुठं पेटवलाय अजून?"

प्रत्यक्ष सोडून अनुमानावर गेलो, सर. तुम्ही पुन्हा चटका दिला असतात. ती हसेल असं वाटलं होतं. ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा निरीक्षण खरं लिहायला हरकत नसावी. हात स्थिर आहेत, असं लिहिणार होतो. पण उजव्यानं लिहिताना डावा मघापासून टेबलावर दाबून धरलाय. उचलून बघितलेला नाही.