सरस लावलेल्या पाइपवर माझा शिक्का नको

मी, वाहिद इमाम खरादी, वय एकाहत्तर, राहणार भांगरवाडी, लोणावळा, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दबावाखाली नसताना, परंतु भयंकर रागात, हे मृत्युपत्र लिहीत आहे. रागाचा उल्लेख गाळावा असं वकीलसाहेब म्हणाले. मी गाळणार नाही.

१. राहतं घर आणि पोस्टातली ठेव यांबद्दल मला काही ठरवायचं नाही. पत्नी हसिना आणि मुलगा शाहबाज यांना शरीयतप्रमाणे जे मिळायचं ते मिळेल. वारस नसलेल्या माणसाला मात्र मी एक तृतीयांशापर्यंत देऊ शकतो, आणि सून वारसांत मोडत नाही. तेवढी वाट मला पुरेशी आहे.

२. माझं लेथ मशीन, पटाशा, आटे पाडायचे टॅप आणि माझ्या नावाचा लोखंडी शिक्का मी माझी सून समरीन हिला देतो. हे सगळं तृतीयांशाच्या आत बसतं. शाहबाजला यातली एक कानसही मिळू नये. कारण लिहून ठेवतो, नाहीतर माझ्यामागे लोक म्हणतील, म्हाताऱ्याला सुनेने घोळात घेतलं.

मी आयुष्यभर पाइप केले. तंबाखू भरायची वाटी शिसवीची, आणि तिच्यात नळी आट्यांवर फिरवून बसवायची, म्हणजे काढून साफ करता येते. आमच्याकडे पावसात लाकूड फुगतं. म्हणून वाट्या उन्हाळ्यात ओबडधोबड कातून चुलीवरच्या माळ्यावर ठेवायच्या आणि आटे दिवाळीनंतरच पाडायचे, हा घरचा नियम. माझ्या वडिलांनी श्रावणात कधी टॅपला हात लावला नाही.

गेल्या श्रावणात मी डोळ्याच्या ऑपरेशनमुळे पडून होतो. शाहबाजने लोहगडवाडीकडच्या एका दुकानाची ऑर्डर घेतली आणि भर पावसात आटे पाडले. थंडीत लाकूड सुकलं, आटे वाकडे झाले, नळ्या डुगडुगू लागल्या. दुकानदाराने माल परत पाठवला. चिरंजिवांनी काय करावं? नळ्या सरसाने चिकटवल्या, वर माझा शिक्का होताच, आणि माल पुन्हा रवाना!

एक गिऱ्हाईक थेट घरी आलं. पाइप पेटवल्यावर सरस वितळून त्याच्या तोंडात आला होता. पाइप माझ्या हातात देऊन म्हणाला, "चाचा, तुमचं नाव बघून घेतला होता." मला मान वर करता येईना.

शाहबाजला जाब विचारला तर म्हणतो, "अब्बा, टुरिस्ट लोक पाइप ओढत न्हाईत. शोकेसमदी ठेवत्यात. कुणाला कळतंय?"

अरे, माणसाच्या ओठाला लागणारी वस्तू आहे ती! शोकेससाठी करायचा होता तर तसं सांगून विकायचा. माझा शिक्का कशाला मारलास?

उरलेले पाइप समरीन स्वतः दुकानात जाऊन घेऊन आली. त्यावरून नवऱ्याने तिच्याशी अबोला धरला. तिने तो सोसला आणि माझ्याकडून आटे पाडायला शिकली. तिचा हात सावकाश चालतो, पण नळी सरळ बसते.

३. "मरायच्या कागदावर तरी पोराला बोलू नका," असं हसिना आत्ताही बजावते आहे. शाहबाज माझा जीव आहे, म्हणूनच हे एवढं लागलं. त्याला लेथवर बसायचं असेल तर समरीनला विचारून बसावं. शिक्का मात्र तिनेच मारावा, तोही नळी स्वतः फिरवून पाहिल्यावर.

४. माझ्या जनाज्याला पहिला खांदा शाहबाजनेच द्यावा. त्याला कुणी अडवू नये. कबरीवर माझ्या नावाचा दगड बसवायचं त्याने आईजवळ बोलून दाखवलं आहे. तो बसवू नये. माझ्या नावाचं काय करायचं हे त्याला कळत असतं, तर या वयात मला वडगावला येऊन हा कागद करावा लागला नसता.

वर लिहिलेलं मी स्वतः वाचलं, एक शब्दही मागे घेतला नाही, आणि दोघांच्या देखत सही केली.

(सही) वाहिद इमाम खरादी

त्यांनी आमच्यासमोर सही केली, मग आम्ही केली:
१. हौशीराम बबन शेलार, शेजारी
२. प्रज्ञेश यशवंत ओव्हाळ, निवृत्त पोस्टमन

ठिकाण: वडगाव मावळ
तारीख: ११ मार्च २०२५