सासूबाईंना अरेतुरे

आई,
जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार.

तुझी किमची पोचली. सासूबाईंनी चाखून ‘मीठ बरोबर’ म्हटलं. त्या मजेत आहेत, हल्ली थोडं विसरतात एवढंच.

पण एक कळेनासं झालंय. निजायच्या वेळी मी वाकून, आदरानं ‘आन्न्योंगही जुमुसेयो’, शांत निजावं, असं म्हणते, की त्या दचकून उठून बसतात. “सासूबाई, सुनेला काय अहोजाहो करता? माझं काही चुकलं का?” मला त्या स्वतःची सासू समजतात. दुखऱ्या गुडघ्यांनी मलाच नमस्कार घालतात. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणतो, “तूच बघ बाई.”

काल मी दार ओढता ओढता नुसतं ‘जल जा’, नीज गं, एवढंच म्हटलं, तू मला म्हणायचीस तसं. वडीलधाऱ्या बाईला असं बोलताना जीभ रेटेना. त्या मात्र मुकाट आडव्या झाल्या. पांघरुणातून म्हणाल्या, “लग्न होऊन आल्यापासून आज पहिल्यांदा गोड बोललात, सासूबाई.”

हा उर्मटपणा झाला का गं? आज काय म्हणू, ठरत नाहीये.

बेटावर थंडी वाढली असेल. अंथरूण गरम ठेव. तिथे निजताना तुला कोण काय म्हणतं?

तुझी धाकटी,
ह्योन्सुक