आठ घरांचा सांगावा

सुपा, जि. अहिल्यानगर
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय भारतीस अण्णांचा मायेचा जय भीम. महेंद्ररावांनाही सांग.

इकडं सगळं बरं आहे. आईचा गुडघा दुखतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. वर्कशॉपात नवीन प्रेस बसवली. ज्या कंपनीत मी झाडू मारायला लागलो होतो, तिलाच आता आपण रॅक पुरवतो. गेटवरचा वॉचमन ‘साहेब’ म्हणाला की मी अजून मागं वळून बघतो, कुणाला म्हणाला म्हणून.

लोक विचारतात, “अण्णा, हॉलंड कसं हाय?” मी सांगतो, दोनशे उंबऱ्यांचं माझ्या लेकीचं गाव, ऐंशीच्या म्हाताऱ्या सायकलवर, खिडक्यांना पडदे नाहीत तरी कुणी डोकावत नाही. यावर कुणाचा विश्वास बसत नाही. तुमची शेजाऱ्यांची रीतही सांगतो. पूर्वी तिथं जमीन रेताड, जवळ डॉक्टर नाही, धड रस्ता नाही. म्हणून त्यांच्या वाडवडलांनी ठरवलं, प्रत्येक घराला आसपासची आठ घरं बांधील. बाळंतपण असो, आग असो, मयत असो, आधी तीच धावणार. आणि मयताची बातमी सगळ्यात जवळच्या घरानं दारोदार जाऊन सांगायची.

सांगत सांगत इथवर आलो की मी चहा मागवतो. पुढचं सांगत नाही.

तू ते विसरली नसशील. मी तुमच्याकडं आलो होतो तेव्हा शेजारचे हेंड्रिकबाबा गेले, त्या सकाळी त्यांच्या घरच्या विल्माबाई तुझ्या दारात आल्या. सगळ्यात जवळचं घर तुमचं, म्हणून तू लगेच कोट घातलास, आणि माझं डोकं फिरलं. माझे आजोबा पहाटे काठी घेऊन निघायचे, गावातल्या मयतीचा सांगावा कोसाकोसावर पोचवायला. ते आपल्यावर लादलेलं काम. अंगणाच्या कडेला उभं राहून ओरडायचं, वरून टाकलेली भाकरी झेलायची. दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी ती काठी चुलीत घातली. कलाआत्यानं हे मला इतक्यांदा सांगितलंय, की त्या काठीचा धूर माझ्या नाकात आहे.

म्हणून बोललो, “पणजानं काठी जाळली, अन् तू एवढी शिकून तीच उचलतीस व्हय?”

तू म्हणालीस, “अण्णा, इथं काठी न्हाई, सायकल हाय.” आणि गेलीस.

आता एक गोष्ट सांगतो, जी आईलाही माहीत नाही. मी तुझ्या मागं चालत आलो होतो. गल्ली ती केवढी! कुंपणाआड उभा राहिलो. मला डच येत नाही, पण कान आहेत. पहिल्या घरी बेल वाजली, तुझा हळू आवाज, मग खुर्ची ओढल्याचा आवाज, मग कपात चमचा. तुला आत बसवलं होतं. दुसऱ्या घरीही आत. तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्यानं तुझ्यासमोर टोपी काढली. तुमचं सोडून सातही घरी तू आत गेलीस, पोरी.

मला तिथंच कळलं होतं. तरी चार दिवस तुझ्याशी बोललो नाही. महेंद्रराव दौऱ्यावर होते, म्हणून तुमच्या घरातर्फे खांदा द्यायला विल्माबाईंनी मला विचारलं. मी पाठ धरली. पाठीला काही झालं नव्हतं, भारती. माझ्या जागी दुसऱ्या गल्लीतला माणूस आणावा लागला, आणि तू मान खाली घालून चाललीस. रोज मला बघून हात उंचावणारा माणूस, त्याला मी चाळीस पावलं पोचवलं नाही.

विल्माबाईंना हे तू सांगू नकोस. मेमध्ये तिकीट काढतो, मी सांगेन. तू फक्त भाषांतर कर, आणि माझ्या बाजूनं गोड करू नकोस.

दर रविवारी तुझा फोन वाजला की मी मुद्दाम अंगणात जातो, आणि तूही कधी आईला ‘अण्णांना दे’ म्हणत नाहीस. ते बरोबरच आहे. हे पत्र मिळाल्यावरच्या रविवारी फोन मी उचलणार आहे. माझा आवाज ऐकून फोन ठेवू नकोस.

तुझा चुकलेला,
अण्णा