बटण तर वरच आहे

सोमवार, ४
हिचा केकचा मोठा ओव्हन आल्यापासून स्वयंपाकघराचा एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी आलेलं ते बटण, पडतोय. आज दुसऱ्यांदा. ओव्हन, किटली आणि तुमची इस्त्री एकाच बोर्डावर आहेत म्हणून, असं हिचं मत. हिला नेहमी साधंच कारण सुचतं. माझं निदान: एमसीबीची प्रकृती नाजूक आहे. इलेक्ट्रिशियन बोलावणार नाही. घरात बारावी सायन्स बसलेलं असताना बाहेरचा माणूस कशाला?

बुधवार, ६
तीनदा पडला, तीनदा उचलला. वैताग. मेहुण्याचा फोन. म्हणाला, आत दोन धातूंची पट्टी असते, करंट जास्त झाला की तापून वाकते आणि बटण पाडते, वायर जळू नये म्हणून. लहान तोंडी मोठा घास. मला ठाऊक आहे म्हटलं. (नव्हतं. अंदाज होता.)
निश्चय: पट्टीला शिस्त लावणे.

शुक्रवार, ८, सायं. ५
उद्या हिची पहिली ऑर्डर, समोरच्या डॉक्टरीणबाईंकडे वाढदिवस. ओव्हन लावला, बटण पडलं. वर करून चिकटपट्टीने करकचून बांधलं. ही नको म्हणत होती.
५.१०. तोवर शर्ट इस्त्रीला घेतले. वेळ वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही.
५.२५. ओव्हन बंद, इस्त्री गार. बटण मात्र वर. म्हणजे दोष वीज कंपनीचा. फोन करून सुनावलं.
५.४०. हॉलचा पंखा चालू आहे. कंपनी अर्धाच पुरवठा सोडतेय. पुन्हा फोन. उचलत नाहीत.
६.१५. अर्धवट फुगलेला केक खाली बसला. चव तीच लागते, असं मी म्हणालो. ही उरलेलं सामान घेऊन बहिणीकडे गेली.

शनिवार, ९
केक बहिणीच्या ओव्हनमध्ये झाला, वेळेवर पोचला. इलेक्ट्रिशियनही आले. हिने बोलावले. (मी बोलावणारच होतो.) चिकटपट्टी सोलत म्हणाले, बटण बाहेरून बांधलं तरी आतून पडतंच, तशीच रचना असते. बांधणारे भेटतात ना, म्हणून. मग बोर्ड उघडून दाखवला. वायरचं कव्हर वितळून काळं झालं होतं. एमसीबी आतून पडला नसता तर भिंत पेटली असती, म्हणाले. हिने ओव्हनला वेगळी लाइन टाकायला सांगितली. मी उभाच होतो. चिकटपट्टीचा रोल खिशात टाकला, इतकंच.

रविवार, १०
ओव्हनला वेगळी लाइन झाली. सकाळी ही लेकीला शिकवत होती: बटण पडलं तर आधी सगळं बंद करायचं, मग एकदाच वर करायचं, पुन्हा पडलं तर हात लावायचा नाही, इलेक्ट्रिशियनकाकांना फोन. लेकीने विचारलं, बाबांनाही सांगू का? ही म्हणाली, नको, त्यांना फक्त तिकडे फिरकू द्यायचं नाही.
मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. काही ऐकू आलं नाही.