चादरीची डावी बाजू

८ फेब्रुवारी, शनिवार

फॅन बेल्ट राहिला! फक्त बेल्ट नाही. पाण्याचा होज आणि अर्ध्या इंचाचा पानाही.

पुढच्या रविवारी हंपी. आमची एकाहत्तर सालची अँबॅसिडर, बाबा स्वतः चालवणार, शेजारी आई. जाऊन-येऊन नऊशे किलोमीटर. लातूरहून बाबांचे दोस्त वीरण्णाकाका त्यांची जुनी फियाट घेऊन सोबत येणार. बाबांनी अंगणात चादर पसरली, गाडीच्या दुरुस्तीचं सगळं सामान मांडलं आणि एकेक वस्तू उचलून पेटीत भरली. "झालं," म्हणाले आणि झाकण लावलं. तीन वस्तू चादरीवरच!

पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. कधी वॉशर हरवला नाही. त्या तिन्ही वस्तू मीच उचलून पेटीत टाकल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

तिन्ही चादरीच्या डाव्या कडेला होत्या. योगायोग असू शकतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

योगायोग नाही.

आज बाबांनी पेटी पुन्हा रिकामी केली — भरण्यातच त्यांना मजा वाटते. ते चहाला आत गेले तेव्हा मी जागा बदलल्या. बेल्ट उजवीकडे. कॉइल आणि प्लग डावीकडे. बेल्ट पेटीत गेला. कॉइल, प्लग राहिले.

कंपनीत मापं तपासणं हेच माझं काम. एका तपासणीवर मी शेरा देत नाही. म्हणून त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिले, पक्कड लांब धरली आणि हळूहळू पुढे आणली. जवळपास नाकासमोर आली तेव्हा दचकले. "अगं, कुठून उगवलीस!" हसले. उजवीकडून तीच पक्कड खांद्याच्या रेषेतच दिसली.

पेपर मात्र बारीक अक्षरांसकट वाचतात.

दिवाळीत चक्कर येऊन पडले होते. "पित्त आहे," म्हणाले. दवाखान्यात कुणी नेलं नाही. मीही नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. डावीकडचं तुम्हाला दिसत नाही, डॉक्टरांकडे चला, तोवर गाडी नको.

"नोकरी लागली तर बापाचीच तपासणी करायली का? तू जन्मायच्या आधी नांदेड-हैदराबाद एका दमात केलंय, देविका!" मग आईकडे हात करून — "आणि हा माझा डावा आरसा हायच की. फुकटातला!"

आई हसली नाही. स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेले.

"मला माहीत आहे," भाकरी थापत म्हणाली. "दिवाळीपासून मीच सांगत बसते. सायकल आली, म्हैस आली, माणूस आला. त्यांना वाटतं, मी घाबरते."

"आणि तुला डुलकी लागली तर?"

"मला गाडीत झोप येत नाही. हातातलं स्टीअरिंग काढून घेतलं तर काय उरेल गं त्यांच्यापाशी? ओसरीवरची खुर्ची?"



१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वीरण्णाकाकांना फोन करून बाबांच्या नजरेचं सांगितलं. "बापूसाहेब डोळे मिटून चालवतो, पोरी! लई काळजी करून राहिलीस." त्यांनी फोन ठेवला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कामावर जाण्याआधी बॉनेट उघडून रोटर काढला. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली असतो, दोन बोटांत मावतो. तो नसला तर प्लगपर्यंत ठिणगी पोचत नाही. पेटीतला जादाचा रोटरही घेतला. दोन्ही आता कंपनीत, माझ्या कपाटात.

इतक्या जुन्या गाडीचा रोटर इथल्या दुकानात सहज मिळत नाही, मागवावा लागतो. म्हणजे उद्याचं टळलं. पुढच्या आठवड्यात बाबांना डॉक्टरांकडे नेईन, भांडून का होईना.

ही चोरी आहे, कळतं. तरी आज डबा पूर्ण संपवला. आठवड्यात पहिल्यांदा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शनिवारी चार वाजता गाडी सुरू होईना, म्हणून बाबा आईची स्कूटी घेऊन रोटर शोधायला गेले. एकटेच. स्कूटी माझ्या डोक्यातच आली नव्हती.

तुळजाबाई, वय अडुसष्ट. रस्त्याच्या डाव्या कडेनं पायी चालल्या होत्या. स्कूटीची धडक बसली; काल सकाळी दवाखान्यात वारल्या. बाबांना कोपरावर खरचटलंय.

आज पोलीस ठाण्यात त्यांचा मुलगा ग्यानोबा एवढंच विचारत होता — "माय कडंकडंनं चालून राहिली होती. दिसली कशी न्हाई?" बाबा म्हणाले, "अचानक मध्ये आल्या." त्यांना खरंच तसं वाटतं.

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. "वडिलांच्या नजरेत काही दोष?"

आईनं माझं मनगट धरलं होतं.

"नाही," मी म्हणाले. त्यानं लिहून घेतलं. मी खाली सही केली.