वेबसाइटच्या पहिल्या पानावर मी

८ सप्टेंबर, सोमवार
भाची ऋताचा फोन. लोअर परळची नोकरी सांभाळून तिने आणि मैत्रिणींनी एक फुकट सॉफ्टवेअर बनवलंय. मराठी मजकूर टाकला की न कळणारी वाक्यं लाल होतात आणि शेजारी सोपं करून मिळतं. त्याची वेबसाइट नव्याने मांडतायत. म्हणाली, मामा, वाचायला कशी वाटते ते दोन ओळींत कळव. बरोबर माणसाला विचारलं! अकरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे. माझ्यासारखी नोटीस अख्ख्या लालबागमध्ये कोणी काढत नाही.

९ सप्टेंबर
साइट बघितली. अक्षरं बारीक, त्यात फिकट राखाडी. डाऊनलोडचं बटण पार तळाला. दोन ओळी लिहायला बसलो. प्रस्तावनाच दोन पानं झाली.

११ सप्टेंबर
सीमा म्हणाली, अक्षरं मोठी करा एवढंच सांग ना. बायकोला ड्राफ्टिंगमधलं काही कळत नाही.
संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे कुशाबा भांडायला आले. काल पाणी नव्हतं, आधी सांगितलं का नाही म्हणे. अहो, नोटीस आठ दिवस बोर्डावर होती! 'उपरोक्त विषयान्वये'पासून सगळं व्यवस्थित. तीनदा वाचली म्हणतात. लोकांना वाचायचाच कंटाळा, दुसरं काय.

१५ सप्टेंबर
अहवाल पाठवला. एकेचाळीस पानं, सात परिशिष्टं. ऋताने नुसता अंगठा पाठवला. भारावली असणार.

१९ सप्टेंबर
उत्तर नाही. सखोल अभ्यास चालू असेल. आपण होऊन फोन करायचा नाही, हा निश्चय.

२० सप्टेंबर
तीनदा केला. उचलला नाही.

२३ सप्टेंबर, दुपारी १.१०
ऋताचा फोन!! माझ्या अहवालातला एक परिच्छेद पहिल्या पानावर घेऊ का, नावासकट? हसू आवरत नव्हतं पोरीला. दोनदा विचारलं, मामा, नक्की ना? म्हटलं, अगं, विचारतेस काय!
बाबांनी जन्मभर साहेबांच्या सहीसाठी ड्राफ्ट लिहिले. स्वतःचं नाव कुठे आलं नाही. डोळे भरून आले.
रविवारी वार्षिक सभा, नवी साइटही त्याच सकाळी सुरू होणार. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर साइट दाखवणार. सगळ्यांनी यावं म्हणून दोन पानी नोटीस लावली. शिवाय घरोघरी जाऊन सांगितलं.

२८ सप्टेंबर, सभेनंतर
हॉल भरलेला. साइट उघडली.
डावीकडे 'आधी'. खाली माझा परिच्छेद, 'सदर संकेतस्थळाच्या अवलोकनांती असे निदर्शनास येते की' वगैरे. बावन्न शब्द, सगळे लालभडक. त्याखाली माझं पूर्ण नाव, आभारासह. उजवीकडे 'नंतर': अक्षरं मोठी करा. काळी करा. बटण वर घ्या.
अक्षरं खरंच मोठी केली होती. शेवटच्या रांगेलाही दिसली. हॉलभर हशा. कुशाबा उभे राहून म्हणाले, अकरा वर्षांत सेक्रेटरीचा पयल्यांदाच कायतरी समाजला. त्यावर टाळ्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
सेक्रेटरी मीच राहिलो, दुसरं कोणी तयार नाही. पण ठराव पास झाला. यापुढे प्रत्येक नोटीस आधी ऋताच्या सॉफ्टवेअरमधून.
ठराव मांडला सीमाने. घरूनच चिठ्ठीवर लिहून आणला होता. एका ओळीत.