टायरची वळकटी आणि पहिली ढेप

१२ मे १९४६, नगर

रविवारची उपासना आटोपून देवळातून परस्पर लष्कराच्या कॅम्पात गेलो. घरी सुलोचना जेवायची थांबलेली, भाकरी गार. बोलणी खाल्ली, तीही गारच.

पण ढीग पाहून आलो! लढाई संपली, लष्कराचे ट्रक मोडीत निघाले आणि त्यांचे टायर माळावर टाकलेत. काळा डोंगर नुसता. कॅम्पातला साहेब म्हणतो, कुणीही उचला. उचलणार कोण? टायरात रबर थोडं आणि पोकळी फार. मालगाडीची वाघीण भरायला घ्यावी तर ती पोकळीनंच भरते. मुंबईचे व्यापारी येतात, ढिगाभोवती फिरतात, पान थुंकून परत जातात.

त्यांना टायर दिसतात. मला पोकळी दिसते. ती काढता आली की झालं. मी काढणार.

१५ मे

आज हुसेनभाईला कामाला लावलं. दिल्लीगेटपाशी आमची दुकानं लागून आहेत. माझं फिटरचं, त्याचं टायरच्या चपलांचं. टायर कापावा तर त्यानंच. आधी कडेची तारेची कडी काढली, मग आडवा छेद देऊन टायर उलगडला. त्यावर ऐरण ठेवली, मी वर उभा राहिलो. उतरून ऐरण ढकलली तर टायर उसळून ह.भाईच्या हनुवटीला.

"मिस्त्री, हा बोकड हाय. दाबला की शिंग मारतो."

सु. दोघांना हळदीचा लेप देताना हसत होती. (मला लागलं नव्हतं. लेप आपला संगतीचा.)

२० मे

सापडलं. कापलेला टायर दुपारभर पत्र्यावर राहिला होता. या उन्हात पत्र्यावर मांजरसुद्धा पाय ठेवत नाही. काढायला गेलो तर मऊ, मुकाट. हातानं वाकवला तसा वाकला, गार होईतो धरून ठेवला तर तसाच राहिला.

म्हणजे तापवायचा, लाटायचा, गुंडाळायचा, आणि त्याच्याच तारेनं बांधायचा. लाटायला लोखंडी लाटा हव्यात, जड, बैलांनी फिरणाऱ्या. अशा लाटा कुठं आहेत ते मला चांगलं ठाऊक आहे. सु.लाही. ती म्हणाली, "बाबांना विचारायची हिंमत आहे?"

आहे.

२५ मे, श्रीगोंदा तालुका, सासुरवाडी

आगगाडीनं श्रीगोंदा रोड स्टेशन, तिथून मामांच्या बैलगाडीत. माझे सासरे याकोबमामा म्हणजे भीमाकाठच्या गुळातलं नाव. पिवळा धमक गूळ, खडा मोडला तर आत रवा दिसतो. गुऱ्हाळ आता दिवाळीनंतर लागायचं, तोवर ऊस पिळायचा चरक शेडमध्ये झोपलेला. तोच मागितला.

मामा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग, "जावईबापू, ज्यात ऊस घालायचा त्यात तुमी खेटार घालनार?"

मी म्हटलं, खेटर नव्हे, टायर. म्हणाले, त्येच की.

सु.नं बाजू घेतली तेव्हा कुठं वळले. पण अट घातली. गूळ कढवायच्या काहिलीला हात लावायचा नाही. आणि दरवर्षी गावातल्या ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या पिकाच्या सणाला त्यांची पहिली ढेप देवळात जाते, उपासनेनंतर लिलाव होतो. "ढेपंवर बोली लागली, तर खुशाल टायर लाटत बसा, चरक दर उन्हाळ्याला तुमचाच. न्हाई लागली, तर दुकानाला कुलूप. हितं येऊन ऊस अन् हिरीवरलं इंजिन बघायचं. मला ल्योक न्हाई."

शेवटचं वाक्य जमिनीकडं बघून बोलले. मी लगेच हात पुढं केला. मामांच्या ढेपेवर बोली लागणार नाही हे म्हणजे भीमेला पाणी नाही म्हणण्यासारखं.

परतताना सु. गाडीत म्हणाली, "माझी शाळा नगरला आहे, हे लक्षात होतं ना?" ती मिशनच्या शाळेत मुलींना गणित शिकवते. होतं म्हटलं. नव्हतं.

८ जून, सासुरवाडी

लाटांमधली फट वाढवली. बैल जुंपले. पहिला टायर अडकला, बैलांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. दुसरा अडकला. तिसरा पलीकडून सपाट बाहेर! ह.भाईनं त्याला झडप घालून गुंडाळला, मी तार पिळली. घट्ट, उशीएवढा. आम्ही दोघं त्यावर नाचलो, उसळला नाही. नाव ठेवलं, वळकटी.

मामा लांबून बघत होते. जेवताना विचारलं, "गाभन म्हशीगत फुगलेलं टायर, त्याचं एवढंसं कसं झालं?" सांगितलं. त्यांनी आमटी वाढून घेतली.

१४ जुलै

पाऊस. ऊन नाही, टायर पुन्हा बोकड झाले. खड्ड्यात उसाची चिपाडं पेटवून राखेची ऊब देतो, त्यावर पत्रा, त्यावर टायर. ऊब जास्त झाली तर धूर, कमी झाली तर शिंगं. आता हात लावून कळतं. मामी धुरानं खोकतात, तरी दुपारचा चहा चुकवत नाहीत. काहिलीकडं मी बघतसुद्धा नाही.

२ ऑगस्ट, नगर

कातरण फार उरतं. ते लोखंडी पेटीत ठासून, तापवून, वरून मळसूत्र पिळलं. गार झाल्यावर पेटी उघडली तर विटेएवढा ठोकळा, ऐरणीवर आपटला तरी फुटेना.

आमच्या दुकानापलीकडं पिठाची गिरणी. तिचं इंजिन सुरू झालं की माझ्या फळीवरचे पेचकस आपोआप खाली येतात. गिरणीवाल्याच्या हातापाया पडून इंजिनच्या पायांखाली चार ठोकळे घातले. आज इंजिन चालू आणि पेचकस फळीवर! गिरणीवाला भिंतीला हात लावून बघत राहिला. "चालू हाय का बंद?" असं त्यानं स्वतःच्या गिरणीला विचारलं.

१९ ऑगस्ट

कॅम्पात प्रयोग. साहेब छडी घेऊन उभा. आधी हमालांनी वाघिणीत अख्खे टायर भरले, भरली. रिकामी केली. तेच टायर आमच्या वळकट्या होऊन आत गेले, आणि वाघिणीचा एक कोपरा फक्त झाकला. साहेब आत चढला, रिकाम्या जागेत येरझारा घातल्या. मला म्हणाला, वेल डन. ह.भाईला हस्तांदोलन. ह.भाईनं तो हात जेवेपर्यंत धुतला नाही.

सगळा ढीग आम्हाला. उन्हाळ्यापर्यंत उचलायचा.

घरी आलो. सु.ला उचलून फिरवलं. "ठेवा खाली, शेजारी बघतात." बघू देत.

२३ सप्टेंबर, सासुरवाडी

मामांचं इंजिन पाहिलं. विहिरीवर नवं बसवलंय, गावात पहिलं. पण असं थरथरतं की चौथऱ्याला भेग गेली आणि बोल्ट रोज आवळावे लागतात. माझे चार ठोकळे सोबत होते, काढून दाखवले. मामा म्हणाले, "टायरवर इंजिन ठिवू? ही काय मोटार हाय?" परत थैलीत घातले. म्हातारा हट्टी आहे. सु. कुणावर गेली ते कळतं.

२ नोव्हेंबर, सासुरवाडी

चरक परत करायचा म्हणून साफसफाई. राख, विटकर, उकळतं पाणी. लाटा अशा घासल्या की मिशी बघावी. मामींनी वास घेतला, जीभ लावून पाहिली, "काय न्हाई."

एक गोष्ट मात्र डोळ्यांत खुपत होती. लाटांखालच्या पन्हळीचा सांधा. वर्षानुवर्षं तिथून रस गळतो, खाली मुंग्यांची पंगत. मामा दर साली चिंध्या कोंबतात. एवढा चरक वापरू दिला, आपण काहीतरी करून द्यावं म्हणून टायरची एक पातळ पट्टी तासून सांध्यात बसवली. अशी बेमालूम, की शोधून सापडू नये. सांगितलं नाही. गळायचं थांबलं की बघतीलच म्हातारबुवा!

२० नोव्हेंबर, सासुरवाडी

गुऱ्हाळ लागलं. मंडळीच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, शेजारच्या पाटलांनी नारळ फोडला, दोन्ही चालतं इथं. रीत अशी, की गुऱ्हाळावर आलेल्याला रस नाही म्हणायचं नाही. अख्खं गाव तांबे घेऊन हजर.

रसाचा थेंबही गळला नाही. मामा दोनदा खाली वाकून बघून आले. "मुंग्या उपाशी ठेवल्या कुनी?" मग माझ्याकडं बघितलं, आणि पाठीवर हात ठेवला. लग्नाला सात वर्षं झाली, पहिल्यांदा.

रस रात्रभर पन्हळीत आणि टाकीत. उद्या पहाटे आधण, रस काहिलीत कढायला.

२१ नोव्हेंबर

लिहवत नाही, तरी लिहितो.

आधण उकळायला लागलं तसा गुळव्यानं नाक वर केलं. मग मामांनी. मग मी. ओळखीचा वास. माझ्या दुकानाचा. लाटांचा म्हणावं तर लाटा चकचकीत. मी पन्हळीखाली हात घातला, पट्टी ओढून काढली. आंबूस रसात रात्रभर भिजून फुगलेली, गिळगिळीत. मीच बसवलेली. कुणी सांगितली होती नसती उठाठेव!

मामांना पट्टी दाखवली. म्हणालो, मामा, ही माझी. रस गळू नये म्हणून.

मामा: "गळत हुता त्ये बरं हुतं की वो."

एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही. चढायला हवा होता.

पहिल्या आधणाची ढेप तशीच पाडली, मग पन्हळ धुतली. दुसरं आधण सोन्यासारखं उतरलं. मी म्हटलं, सणाला हीच ढेप न्या, कुणाला काय कळतंय. मामांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घातली. देवाला पहिली म्हणजे पहिली.

१ डिसेंबर, सासुरवाडी

पहिल्या पिकाचा सण. वेदीपुढं बाजरीची कणसं, भोपळे, कोंबड्या पाय बांधून, आणि मधोमध मामांची ढेप. रंग तोच पिवळा. पण वासानं पहिल्या बाकावरची माणसं दुसऱ्या बाकावर सरकलेली.

लिलाव सुरू. कोंबड्या गेल्या, भोपळे हसत खेळत गेले. ढेप वर उचलली. दरवर्षी म्हणे इथं गोंगाट होतो. आज लहान मुलं तेवढी रडत होती. पाळकसाहेबांनी दोनदा पुकारलं. कुणीतरी मागून म्हणालं, "गाडीला चाक कमी पडलं तर घ्या." हशा. माझे कान पेटले. मी बोलीसाठी तोंड उघडलं तर सु.नं कोपर मारलं. कानात म्हणाली, "तुम्ही नाही, तुम्ही अटीतले आहात."

तिसऱ्यांदा पुकारायच्या आधी मामा उठले. टोपी सारखी केली. आणि दरवर्षी जी बोली लागते तीच, मोठ्यानं, स्वतःच्या ढेपेवर. पाळकसाहेबांनी टेबलावर थाप मारली.

मामांनी ढेप खांद्यावर घेतली आणि सगळ्यांमधून चालत बाहेर गेले. मला रडू आलं. लपवलं नाही.

२ डिसेंबर, सासुरवाडी

सकाळी न्याहारीला भाकरी, दूध आणि तो गूळ. मामांनी खडा मोडला, आधी स्वतःच्या ताटात, मग माझ्या. खाल्ला. वाईट होता. दोघांनी संपवला.

अटीचं विचारायला जीभ उचलेना. शेवटी सु.च म्हणाली, "बाबा, बोली तर लागली."

"लागली की."

"मग?"

"मंग काय, दूध घे." उठून विहिरीकडं गेले. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, आमच्या ताटल्या थरथरायला लागल्या.

निघताना मी ते चार ठोकळे ओसरीवर ठेवणार होतो. ठेवले नाहीत. आता देणं म्हणजे लाच दिल्यासारखं.

५ डिसेंबर, नगर

परत कामावर. ह.भाईला सगळं सांगितलं. तो टायर कापायची रापी थांबवून ऐकत राहिला, म्हणाला, "मिस्त्री, बोली लागली ना? कुनाची, हे ठरलंच नव्हतं. तुमी जिंकले."

सु. म्हणते, तुम्ही हरलात. बाबांनी तुमची लाज झाकली, त्याला जिंकणं म्हणत नाहीत.

मला विचाराल तर दोन्ही खरं आहे. पण वळकटी खरी आहे, वाघीण खरी आहे, गिरणीची भिंत खरी आहे. माझं चुकलं ते पट्टीत. टायरात नाही चुकलं. हे मी कुणापुढंही म्हणेन, मामांपुढंसुद्धा.

आज मन लावून काम केलं. माळावर ढीग निम्मा झालाय. पलीकडचा रस्ता दिसायला लागला.

१० डिसेंबर

मामांचा गाडीवान बाजाराला आला होता, दुकानात डोकावला. सलाम केला. मामींनी दुसऱ्या आधणाचा गूळ धाडलाय, पिवळा धमक. आणि निरोप मामांचा. त्यांच्याच शब्दांत सांगायला लावला, दोनदा.

"इंजिनाचा चौथरा पार गेला म्हनावं. त्ये चार ठोकळं घेऊन या. अन् मुक्कामाच्या तयारीनं या."

मी विचारलं, मुक्काम किती? गाडीवान म्हणाला, त्ये मालकांनी सांगितलं न्हाई, अन् म्याबी इचारलं न्हाई.

मागितले! म्हाताऱ्यानं ठोकळे मागितले! हे पत्र्यावर उभं राहून ओरडावंसं वाटलं. घरी पळत आलो. सु.ला म्हटलं, बघ, मी म्हणत नव्हतो?

तिनं ऐकून घेतलं. गुळाचा खडा तोंडात टाकला, डोळे पुसले, मग माळ्यावरून दोन दिवसांच्या प्रवासाची कापडी थैली काढली. तिच्याशेजारी लग्नातली मोठी ट्रंक ओढून आणली. दोन्ही उघडल्या आणि मध्ये बसून राहिली.

"कुठली भरू? शाळेत काय सांगू?"

ठोकळे मी दाराशी काढून ठेवलेत. गाडी सकाळची आहे.